खिडकीतली दरी कुणाची?

पाचगणी-महाबळेश्वरच्या कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलचं दरपत्रक उघडून बघा. खोल्या तीन-चार प्रकारच्या असतात आणि त्यातल्या दोन प्रकारांत फरक काय, ते शोधावं लागतं. पलंग तोच, चहाची किटली तीच, सकाळच्या नाश्त्याचं कूपनही तेच. तरी एक खोली दुसरीपेक्षा चांगलीच महाग. महाग खोलीचं नाव ‘व्हॅली व्ह्यू’. स्वस्त खोलीला ‘गार्डन व्ह्यू’ म्हणतात. त्यातलं गार्डन म्हणजे बहुतेक ठिकाणी गाड्या लावायच्या जागेच्या कडेने मांडलेल्या कुंड्या.

हा वरचा पैसा कशाचा? पाचगणीच्या खिडकीबाहेर कृष्णेचं खोरं आहे, धोम धरणाचं पाणी आहे, पाण्याच्या कडेची शेतं आहेत, पलीकडे कमळगड आहे. यातलं काहीही हॉटेलमालकाच्या सातबाऱ्यावर नाही. त्याच्या मालकीची आहे ती फक्त काच. काचेपलीकडचं जे तो विकतो, ते कुणाचं आणि त्याचे पैसे कुणाला, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही. नगरपरिषद विचारत नाही, पर्यटन खातं विचारत नाही, आणि पहाटे उठून पडदा सरकवणारे आपण तर नाहीच नाही.

चांगल्या खिडकीसाठी चार पैसे जास्त मोजणाऱ्यांतला मीही आहे आणि पुढेही मोजीन. प्रवासातलं जेवण विसरतं, हॉटेलचं नाव विसरतं, खिडकी लक्षात राहते. या हौसेला नाक मुरडायचं कारण नाही. पण देखावा ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती विकली जाते आहे आणि विकता विकता संपते आहे. नदी, किनारा, गायरान यांना कायद्यात जशी जागा आहे, तशी ती देखाव्यालाही द्यायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं हवेतलं नाही. नायगराचा इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या बाजूला धबधब्याच्या काठची जमीन खासगी मालकांच्या हातात होती. तिथे गिरण्या होत्या, दुकानं होती आणि कुंपणं होती. एवढं प्रचंड पाणी कोसळतंय, पण ते नीट पाहायचं तर कुणाच्या तरी फाटकातून पैसे भरून आत जावं लागायचं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्याच्यासारख्या इतरांनी ‘नायगरा मोकळा करा’ म्हणून चळवळ चालवली. तिला यश यायला बरीच वर्षं लागली. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने काठची जमीन विकत घेतली, त्यावरची बांधकामं काढली आणि धबधबा सगळ्यांना फुकट केला. पलीकडे कॅनडाच्या काठावर १८८८ मध्ये क्वीन व्हिक्टोरिया पार्क खुलं झालं.

आज त्या कॅनडाच्या बाजूला उंचच उंच हॉटेलं आहेत आणि ती ‘फॉल्सव्ह्यू’ खोल्या दणकून भावात विकतात. त्यांचा धंदा कुणी बंद केलेला नाही. मात्र ही हॉटेलं वर टेकाडावर, उद्यानाच्या मागे उभी आहेत. काठ उद्यानाचा आहे. बाविसाव्या मजल्यावरचा पाहुणा जे पाहतो तेच, किंबहुना त्याहून जवळून, खालच्या कठड्याशी उभा राहिलेला फुकट्या माणूस पाहतो. त्याच्या अंगावर तुषारही उडतात, ते वरच्या खोलीत मिळत नाहीत.

याच नायगराची दुसरी गंमत अशी की तिथलं पाणीसुद्धा ठरवून सोडलं जातं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० मध्ये झालेल्या करारानुसार एप्रिल ते ऑक्टोबर या पर्यटनाच्या महिन्यांत दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून जाऊ द्यायचं, रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार. उरलेलं वीजनिर्मितीला. म्हणजे त्या महागड्या खिडकीत जो धबधबा दिसतो, त्याचा आकार दोन सरकारांनी वीज सोडून देऊन राखलेला आहे. निसर्गाने तर दिलाच, पण लोकांनीही काही पदरचं मोजून ठेवला म्हणून तो तसा दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक खिडक्यांबद्दलही हे खरं आहे; त्याकडे येतोच.

आधी कायद्याचं बघू, कारण अडचण तिथून सुरू होते. १६१० मध्ये इंग्लंडात विल्यम आल्ड्रेड नावाच्या माणसाचा खटला झाला. शेजाऱ्याने डुकरं पाळली, त्यांच्या वासाने जगणं नकोसं झालं, ही तक्रार. ती कोर्टाने ऐकली. पण त्या ओघात न्यायाधीश म्हणून गेले की उजेड आणि स्वच्छ हवा या गरजा आहेत, देखावा ही नुसती मौज आहे, आणि मौज हिरावली म्हणून कोर्टात येता येणार नाही. चारशे वर्षं झाली, आपण अजून तिथेच आहोत. १८८२ च्या आपल्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीने उजेडाचा आणि हवेचा हक्क मिळतो. देखाव्याचा मिळत नाही. अमेरिकेत तर उजेडाचाही मिळाला नाही. मायामी बीचवर फाउंटनब्लू आणि ईडन रॉक ही दोन आलिशान हॉटेलं शेजारी शेजारी. फाउंटनब्लूने चौदा मजली जोड-इमारत काढली आणि हिवाळ्यात दुपारनंतर तिची सावली ईडन रॉकच्या पोहण्याच्या तलावावर पडू लागली. ऊन विकणाऱ्या गावात तलावावर सावली म्हणजे धंद्यावरच सावली. प्रकरण कोर्टात गेलं. १९५९ मध्ये निकाल लागला तो असा की शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उन्हावर तुमचा कायदेशीर हक्क नाही.

दोन कोट्यधीशांच्या भांडणात आपल्याला काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पण थंड हवेच्या ठिकाणी नेमकं हेच चालू आहे, फक्त कोर्टाबाहेर. एक हॉटेल दरीच्या तोंडाशी उभं राहतं. पाच-सात वर्षांनी त्याच्या पुढच्या उतारावर दुसरं येतं. पहिल्याच्या ‘व्हॅली व्ह्यू’ खोल्यांना आता दुसऱ्याची गच्ची दिसते. मी स्वतः एका डोंगरी गावात अशा खोलीत राहिलोय. खिडकीच्या डाव्या चतकोरात दरी होती आणि उरलेल्या भागात काळ्या पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि एसीच्या पेट्यांची रांग. भाडं पूर्ण खिडकीचं. व्यवस्थापकांकडे विषय काढला तर ते म्हणाले, “साहेब, आम्ही आलो तेव्हा पुढे काहीच नव्हतं.” ते खरंच बोलत होते. त्यांच्या मागच्या हॉटेलातही त्यांच्याबद्दल हेच सांगत असतील.

पाहिल्याने देखावा झिजत नाही, मग त्यावर बंधनं कशाला, हा युक्तिवाद हॉटेलवाले नेहमी करतात. दहा लाख डोळ्यांनी सूर्यास्त पाहिला तरी सूर्य कमी होत नाही, हे बरोबर. पण प्रत्येक नवी खिडकी कुठल्या तरी भिंतीत असते, आणि ती भिंत दुसऱ्या कुणाच्या तरी देखाव्यात असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत एक चांगलं हत्यार देऊन ठेवलं आहे. हिमाचलात कुलू-मनालीच्या वाटेवर बियास नदीकाठी एक मोटेल होतं. नदीच्या काठाची शोभा हाच त्याचा धंदा. पुराचं पाणी मोटेलकडे येऊ नये म्हणून नदीच्या पात्रात खोदकाम करून प्रवाहच वळवला गेला. १९९६ च्या डिसेंबरात दिलेल्या निकालात न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व लागू केलं. नदी, किनारा, जंगल हे सरकार लोकांच्या वतीने सांभाळतं, ते कुणा खासगी माणसाच्या सोयीसाठी देऊन टाकता येत नाही. पुढे २००९ मध्ये गोव्यात दोना पावलाजवळ वायंगिणी किनाऱ्यावरच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या बाबतीत याच तत्त्वाचा आधार घेऊन न्यायालयाने सांगितलं की लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडवणारं बांधकाम पाडा. त्यावर गोवा सरकारने काय केलं? भूसंपादन कायद्यातच दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवायची सोय केली. विश्वस्तच असे निघाले तर तत्त्व कितीही चांगलं असून काय उपयोग, हा वेगळा लेख होईल.

तर नदी विश्वस्ततेत आली, वाट आली. नजर अजून आलेली नाही. ती यायला काय हरकत आहे, याचं उत्तर मुंबईत चालत चालत मिळतं. मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून हॉटेलं आहेत, सी-फेसिंग खोल्यांचा भाव सांगायला नको. पण इमारत आणि समुद्र यांच्यामध्ये रस्ता आहे, पदपथ आहे आणि कठडा आहे. त्या कठड्यावर चण्याची पुडी घेऊन बसलेल्या माणसाला खोलीतल्या पाहुण्यापेक्षा तसूभरही कमी समुद्र दिसत नाही. गेल्या शतकात भराव घालून ही जमीन काढली तेव्हा ओळ अशी लावली गेली: आधी समुद्र, मग लोक, मग इमारती. २०१८ मध्ये या परिसरातल्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती युनेस्कोच्या वारसायादीत गेल्या. मला विचाराल तर खरा वारसा तो कठडा आहे.

ताजमहाल हॉटेलचंही असंच. ते १९०३ मध्ये सुरू झालं तेव्हा खिडकीत उघडं बंदर होतं, गेटवे ऑफ इंडिया नव्हताच. गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये, आणि खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून. आज त्या बाजूच्या खोल्यांचा जो मान आहे त्यातला मोठा वाटा त्या कमानीचा आणि तिच्यासमोरच्या मोकळ्या पटांगणाचा. म्हणजे लोकांच्या पैशाने बांधलेली वास्तू, लोकांनी गजबजलेलं पटांगण, आणि भाडं खिडकीला.

आता सह्याद्रीतल्या खिडक्यांकडे परत येऊ, कारण तिथे हिशेब जास्त कडू आहे. महाबळेश्वरहून उतरून तापोळ्याला गेलं की कोयनेचा शिवसागर दिसतो. ‘मिनी काश्मीर’ म्हणून त्याची जाहिरात होते, काठाकाठाने रिसॉर्टं झाली आहेत, पाण्याकडे तोंड असलेल्या कॉटेजला वेगळा दर. ते पाणी निसर्गाने आणून ठेवलेलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठलं आणि खोऱ्यातली गावं त्याखाली गेली. माणसं उठून ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी पांगली. ज्यांच्या पुनर्वसनाची प्रकरणं मिटली नाहीत ते कोयना प्रकल्पग्रस्त अजूनही मोर्चे काढतात, तिसरी पिढी काढते. पाण्यापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना दवाखान्यासाठीसुद्धा लाँचची वाट पाहावी लागत आली. आपण ज्या निळ्याशार पाण्यावर चहाचा कप धरून फोटो काढतो, त्या पाण्याच्या तळाशी कुणाची तरी भातखाचरं आहेत.

मुळशीला तर याहून जुना हिशेब आहे. तिथल्या तलावकाठच्या रिसॉर्टांत पुण्यातली मंडळी शनिवार-रविवारी जातात. तो तलाव म्हणजे टाटांच्या वीजप्रकल्पाचं धरण, आणि ते होऊ नये म्हणून १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी त्या लढ्याने दिली. लढा हरला, जमिनी बुडाल्या, वीज मुंबईला गेली. शंभर वर्षांनी त्याच पाण्याचा ‘लेक व्ह्यू’ झाला. बुडालेल्यांच्या नातवंडांचा यात वाटा कुठला? रिसॉर्टमध्ये खोली झाडायची नोकरी. आणि बऱ्याच ठिकाणी या पोरांची राहायची सोय स्वयंपाकघराच्या मागे किंवा तळघरात, जिथे खिडकीच नसते.

माझ्या या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप गावातूनच येतो. पश्चिम घाटाच्या संरक्षणावरच्या प्रत्येक बैठकीत तो ऐकू येतो: तुम्ही मुंबई-पुण्यात टॉवर बांधा, आमच्या गावात मात्र वीटही हलवायची नाही, तुमच्या डोळ्यांना हिरवं दिसावं म्हणून आम्ही काय कौलारूच राहायचं? या संतापात तथ्य आहे. डोंगरउतारावर घर बांधायला शेतकऱ्याला बंदी, आणि तीच जमीन शहरातल्या धनिकाने घेतली की तिच्यावर बघता बघता बंगला उभा, हे गावाने पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून नुसत्या बंदीच्या बाजूने मी नाही. देखावा राखायचा तर तो राखणाऱ्याला त्याचे पैसे मिळायला हवेत. खालची शेतं पडीक राहिली, प्लॉट पडले, पत्र्याची गोदामं आली तर वरच्या खिडकीला काय किंमत उरेल? तो शेतकरी रोज नांगर धरून हॉटेलचा माल तयार करतो आहे, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही.

देखाव्याची किंमत कशी ठरवणार, असं अर्थशास्त्राची मंडळी विचारतील. ती ठरलेलीच आहे, हॉटेलने स्वतःच्या दरपत्रकावर छापलेली आहे. तोच पलंग, तोच नाश्ता, आणि दोन खोल्यांच्या भाड्यातला फरक, ही त्या दरीची रोख किंमत. तज्ज्ञांची समिती नेमायला नको. या फरकातला ठरावीक हिस्सा त्या त्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींकडे जावा, एवढीच मागणी आहे. आज पर्यटकांकडून पैसे घेतले जातातच. महाबळेश्वर, पाचगणीला नाक्यावर प्रवासी कर आहे, माथेरानला दस्तुरीला माणशी कर आहे. पण एसटीने येऊन, पॉइंट बघून, मक्याचं कणीस खाऊन संध्याकाळी परतणारा माणूस आणि दरीच्या तोंडावरच्या सूटमध्ये राहणारा माणूस, दोघांनाही कर सारखा. आणि तो पैसा वर गावात राहतो. खालच्या खोऱ्यात उतरत नाही.

राहिला प्रश्न देखावा मोडणाऱ्या बांधकामांचा. नियम आहेत, पण त्यांची नजर जमिनीकडे असते. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधू नका, असं राज्याची विकास नियंत्रण नियमावली म्हणते. उत्तम. पण कड्याच्या अगदी माथ्यावर, सपाटीवर, सगळे नियम पाळून चार मजली इमारत उभी करता येते आणि अख्ख्या खोऱ्यातून दिसणारी डोंगराची रेघ मोडता येते. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आहे. किल्ल्याच्या तटाला जो मान आहे तो ज्या डोंगरावर तट उभा आहे त्याला नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. माथेरानच्या अधिसूचनेत जपायच्या नैसर्गिक वारशात धबधबे, झरे, देवराया यांच्याबरोबर चक्क ‘पॉइंट’ही आहेत. पॉइंट म्हणजे उभं राहायची जागा जपायची, तर तिथून दिसतं ते जपायला नको? समोर काँक्रीट आलं तर त्या पॉइंटवर रेलिंग आणि घोडेवाल्यांखेरीज काय उरणार?

हे अशक्य नाही. लंडनजवळच्या रिचमंड टेकडीवरून थेम्स नदीचं वळण आणि पीटरशॅमची कुरणं दिसतात. ते दृश्य बांधकामांनी जाईल म्हणून ब्रिटिश संसदेने १९०२ मध्ये कायदा केला. आजही त्या कुरणांत गायी चरतात, महानगराच्या हद्दीत. साहेबाने महाबळेश्वरच्या पॉइंटांना आर्थर, विल्सन, एल्फिन्स्टन अशी नावं दिली, आपण ती निमूट चालवली. त्याने स्वतःच्या गावात देखाव्यासाठी केलेला कायदा मात्र घेतला नाही.

सध्या याची निकड आहे. नवीन महाबळेश्वर या नव्या गिरिस्थानाच्या प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातली शेकडो गावं महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आली आहेत. कोयनेचं पाणी त्याच पट्ट्यात, २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेलं कासचं पठार तिथेच. जुन्या महाबळेश्वरात बांधकामं होऊन गेली, तिथे आता काय वाचवायचं ते वाचवू. इथे कागद अजून बराच कोरा आहे. हॉटेलांचे भूखंड आखण्याआधी प्रत्येक सार्वजनिक जागेवरून काय दिसतं याचे नकाशे व्हावेत, त्या नजरेच्या पट्ट्यात उंचीची मर्यादा असावी, आणि दरीच्या काठाला लागून आधी सगळ्यांसाठी पायवाट असावी, हॉटेल तिच्या मागे. मरीन ड्राइव्हला जमलं ते कोयनेच्या काठी न जमायला काय झालं?

हिस्सा द्यावा लागणार असं दिसलं की हॉटेलवाले पळवाट काढतील, हे मला दिसतं आहे. खोल्यांची नावं बदलतील, ‘व्हॅली व्ह्यू’चं ‘प्रीमियम’ करतील आणि म्हणतील आमच्याकडे देखाव्याचे पैसे घेतच नाहीत. खुशाल बदलू द्या. मग त्या खोलीला दर कुंड्यांकडे तोंड असलेल्या खोलीचाच लावावा लागेल, आणि तेवढ्यात दरी दाखवायला कुठला मालक तयार होतो ते आपण बघूच.